चाळीस वस्तू

आजीचं घर रिकामं करायला मी शुक्रवार आणि सोमवार अशी रजा टाकून सलग चार दिवस काढले होते. मॅनेजरला ठासून सांगितलं होतं, की घरातल्या माणसाचं आवरायचंय, त्याशिवाय होणारच नाही. गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि रात्री सोलापूर. मम्मीने रिकाम्या गोण्या जमवून ठेवल्या होत्या. आत्याने ओळखीतला एक छोटा हत्ती सांगून ठेवला होता. टेम्पोच्या किती फेऱ्या होतील यावर रात्री जेवताना आमची चर्चासुद्धा झाली. मी तीन म्हणालो, आत्या दोन.

शुक्रवारी सकाळी नऊला सुरुवात केली आणि पावणेबाराला आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. काम संपलं होतं.

आजी ऑक्टोबर २०२४ मध्ये गेली, चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन. सोलापुरातल्या मिशनच्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून १९९८ साली रिटायर झाली होती. आजोबा तिच्या आधी पंधरा वर्षं गेले. म्हणजे घर एकटीचं, पण तरी साठ वर्षांचा संसार! आवरायला जानेवारी उजाडला. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ऐन भरात होती, होम मैदानाच्या बाजूने रिक्षा मिळायची मारामार, आणि सगळं शहर काही ना काही विकत घेऊन घरी चाललेलं. आम्ही मात्र उलट्या कामाला निघालेलो.

मला मोजायची सवय आहे (धंदाच तो). घरात वस्तू निघाल्या एकशे सात, चमचे धरून. तीन साड्या चर्चच्या, चार घरातल्या. एक स्वेटर. सहा ताटं, सहा पेले. काठवट, तवा, दोन पातेली, शेंगाचटणीची बरणी. एक खाट, दोन खुर्च्या, एक भिंतीवरचं घड्याळ. जाडजूड बायबल, 'उपासना संगीत', आणि लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', ज्याला तिने स्वतः खाकी कव्हर घातलं होतं. कोपऱ्यात एक लोखंडी पेटी. पेटीत काय होतं ते शेवटी सांगतो.

"तुझ्या आजीचं असंच की रे," आत्या म्हणाली, "सगळं आधीच देऊन बसली. आता आपण काय आवरायचं, भिंती?"



आता माझी बाजू. पुण्यात हिंजवडीजवळ मी आणि एक मित्र मिळून टू बीएचके फ्लॅटमध्ये राहतो. २०२३ मध्ये तिथे शिफ्ट झालो तेव्हा पॅकर्सवाल्यांनी माझ्या एकट्याचे एकेचाळीस खोके भरले होते. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, स्वयंपाक म्हणजे मॅगी आणि ऑम्लेट. तरी एकेचाळीस! त्यातले सहा खोके अजून उघडलेले नाहीत, आणि आत काय आहे ते मला आठवतही नाही, म्हणजे त्यावाचून काही अडलेलं नाही.

उघडलेल्या खोक्यांतून निघालं ते असं: तीन कीबोर्ड (दोन मेकॅनिकल, "टाइपिंगचा फील वेगळा असतो" म्हणून), चार पॉवर बँक, लॉकडाऊनमध्ये घेतलेली गिटार, दोनदा उडवलेला ड्रोन, साठ लिटरची ट्रेकिंगची सॅक, कंपन्यांचे लोगो असलेले तेवीस टी-शर्ट, आणि आजवर घेतलेल्या प्रत्येक मोबाइलचा रिकामा डबा. हे डबे आपण सगळे का ठेवतो, याचं उत्तर कुणाकडे असेल तर मला सांगा :)

सोलापूरहून परतताना डोक्यात दोनच आकडे फिरत होते. एकशे सात, आणि एकेचाळीस खोके.



आजीच्या घरात इतकं कमी सामान का, याचं कारण आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. फक्त ते कारण आहे असं कधी वाटलं नव्हतं, तिची एक खोड आहे असं वाटायचं.

लेंटचे दिवस म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंतचे. कॅलेंडरवर मोजले तर सेहेचाळीस भरतात. पण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. म्हणून चाळीस. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. आमच्याकडच्या मंडळ्या मुळात अमेरिकन मराठी मिशनच्या. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, मग अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर), आणि १८६० च्या दशकात सोलापुरात. त्यांची पद्धत साधी, सणवारांचा पसारा कमी. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन मंडळ्याही आल्या, आणि लेंट जास्त रीतसर पाळला जाऊ लागला. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, हल्ली कुणी इन्स्टाग्राम.

आजी वस्तू सोडायची. रोज एक, चाळीस दिवस. एखादी साडी, एखादं पातेलं, पुस्तक, छत्री, कधी नुसता चांगला पेन. चाळीस दिवसांत चाळीस वस्तू घराबाहेर. तिचे नियम होते आणि ती ते शाळेतल्यासारखे बोटांवर मोजून सांगायची.

पहिला: फाटकं-तुटकं चालणार नाही. ते बोहारणीला द्या, भंगारवाल्याला द्या, देवाच्या नावाने देऊ नका. दुसरा: देण्याआधी धुवायचं, पुसायचं, बटण तुटलं असेल तर लावायचं. तिसरा: कुणाला काय दिलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही. चौथा नियम नंतर आला, त्याची गोष्ट वेगळी आहे.

पहिल्या नियमामागे किल्लारी होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा सोलापूरहून जी माणसं मदतीला गेली त्यांत आजीही होती. ती सांगायची, की तिथे भाकरी हवी होती, ताडपत्र्या हव्या होत्या, आणि येत होते कपड्यांचे ढीग. विटके, बिनबटणांचे, नाडी नसलेले परकर. लोकांनी आपली कपाटं साफ केली होती. रस्त्याकडेच्या त्या ढिगाकडे पाहून एक म्हातारा तिला म्हणाला होता, "बाई, आमची घरं पडली, आम्ही भिकारी नाही झालो." हे सांगताना आजी दर वेळी थांबायची. मग म्हणायची, "त्या ढिगात माझंही एक बोचकं होतं."



चौथा नियम सायकलचा.

आजोबा मिलमध्ये होते. नव्वदच्या दशकात सोलापूरच्या मोठ्या मिली एकामागून एक थंडावल्या, त्यात त्यांचीही गेली. भोंगा बंद झाला, पण त्यांची सायकल अंगणात तशीच उभी असायची. जायचं कुठेच नसायचं. तरी रोज सकाळी आठला ते ती पुसायचे, चेनला तेल द्यायचे आणि परत भिंतीला लावून ठेवायचे.

१९९८ च्या लेंटमध्ये आजीने ती सायकल पेपर टाकणाऱ्या एका पोराला देऊन टाकली. वस्तू चांगली, चालू स्थितीतली, घरात कुणी वापरत नाही, पोराला गरज. तिन्ही नियमांत चपखल बसणारं दान! आजोबांना विचारलं मात्र नाही.

आजोबा भांडले नाहीत. रोज सकाळी आठला हातात फडकं घेऊन अंगणात यायचे आणि परत आत जायचे. आजीशी सतरा दिवस बोलले नाहीत. ईस्टरच्या आदल्या रात्री आजीनेच त्यांच्यापुढे हात जोडले. सायकल परत मागणं शक्य नव्हतं, पोरगं त्यावर पेपर टाकत होतं. तेव्हापासून चौथा नियम: आपलं स्वतःचंच द्यायचं, दुसऱ्याच्या वस्तूवर आपला त्याग करायचा नाही.

मला हे पप्पांनी सांगितलं. आजीने कधी सांगितलं नाही. पण तिच्या 'स्मृतिचित्रे'ला ते खाकी कव्हर का होतं, इतक्या वेळा ती ते का वाचायची, याचा अंदाज मला आता येतो.

नारायण वामन टिळक हे आमच्या चर्चमधलं फार मोठं नाव. १८६१ मध्ये कोकणात जन्म, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. त्यांची भजनं आजही दर रविवारी गायली जातात. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे, आला की कुणाच्या तरी अडचणीला निघून जायचा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारच सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये ते गेले. या सगळ्यात लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा काही वर्षं वेगळ्या राहिलेल्या, मग १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापून आलं आणि मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणलं गेलं. ते मी आजी गेल्यावर पहिल्यांदा नीट वाचलं. हसू येतं, आणि हसता हसता लक्षात येतं, की नवरा मुक्त हस्ताने देत असताना डबे हुडकून रात्रीचं जेवण उभं करणारी बाई हे लिहितेय. तिच्या मनात नवऱ्याबद्दल प्रेम आहे, आदर आहे. पण त्यागाचा हिशोब कुणाच्या चुलीवर पडला, तेही ती सांगून टाकते.

तुम्ही ख्रिस्ती असा नसा, हा प्रश्न तुमच्या घरीही असणार. एक माणूस निर्मोही होतो आणि बाकीच्यांनी ते निभवायचं असतं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रांत दानधर्म करत राहिले, होतं ते सगळं संपलं, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात घरच्यांवर उपासमारीची पाळी आली. आई-वडील त्यातच गेले. ती भूक पोटात घेऊन वाढलेल्या रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. १९०० च्या दुष्काळात तिथे दोन हजारांच्या आसपास मुली-बाया राहत होत्या. हुतात्मा एक्सप्रेस दौंडच्या आधी केडगाव स्टेशनावरून न थांबता जाते. मी त्या लाइनीवरून शेकडो वेळा गेलोय, बहुतेक वेळा कानात हेडफोन आणि फोनवर सेल चालू.



तर मी ठरवलं, की २०२५ चा लेंट आजीच्या पद्धतीने पाळायचा. ५ मार्चला राखेचा बुधवार, २० एप्रिलला ईस्टर. एक स्प्रेडशीट केली (अर्थातच). चाळीस ओळी, वस्तू, कुणाला, तारीख. तिसऱ्याला सांगायचं नाही हा नियम स्प्रेडशीटला लागू होत नाही असं मी गृहीत धरलं.

पहिले दहा दिवस मी हवेत होतो. टी-शर्ट, पॉवर बँक, एक कीबोर्ड, सॅक. रोज एक कशाला, एकेका दिवशी तीन-तीन! घर मोकळं झालं, छान वाटायला लागलं. जपानच्या मारी कोंडोची ती पद्धत आहे ना, वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं की हिने आनंद होतो का, नाही तर निरोप द्यायचा, तसं काहीतरी. गिटार मी ऑनलाइन विकली आणि तीही यादीत टाकली. मम्मीला फोनवर अभिमानाने सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, विकलीस ना? मग ते देणं कसं?" ती ओळ खोडली.

तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना गार्बेज कलेक्टर माहीत असतो. मेमरीतल्या ज्या वस्तूकडे आता कुणाचंच बोट नाही, जी कुणालाच लागत नाही, ती तो गुपचूप उचलून टाकतो. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. मी नेमकं तेच करत होतो. जे मला लागत नव्हतं तेवढंच जात होतं, आणि मला पत्ताही लागत नव्हता.

मग लॅपटॉपचं प्रकरण झालं.

आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांची मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. माझा कॉलेजातला लॅपटॉप कपाटात पडून होता. पुसला, फॉरमॅट केला, बॅगेसकट काकांना नेऊन दिला. काकांनी दोन्ही हातांनी घेतला. मी स्प्रेडशीटमध्ये ओळ भरली आणि त्या रात्री स्वतःवर फार खूश होऊन झोपलो.

दहा दिवसांनी मुलगी आणि काका दारात. हातात तीच बॅग. "दादा, हा वीस मिनिटांनी बंद पडतो. चार्जर लावला तरी पडतो. दुकानात दाखवला, त्याने आठशे रुपये घेतले बघायचे, आणि म्हणाला मदरबोर्ड गेलाय." मला घाम फुटला. मी तो दोन मिनिटं चालवून पाहिला होता, वीस नाही. मी म्हणालो, "मग टाकून द्यायचा ना, परत कशाला आणलास?" ती म्हणाली, "तुमचा आहे ना दादा. टाकून कसा द्यायचा?"

रागाने नाही बोलली ती. अगदी सरळपणे.

माझ्या दानाने तिला आठशे रुपयांचा खड्डा पडला होता, आणि वर माझं भंगार सांभाळायची जबाबदारीही तिनेच घेतली होती. किल्लारीच्या ढिगातलं आजीचं बोचकं मला त्या क्षणी दिसलं. आठशे रुपये मी लगेच दिले. ते यादीत धरले नाहीत. ती परतफेड होती.



त्या रात्री टेबलावर माझा दुसरा लॅपटॉप होता. २०२२ च्या पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेला, हप्ते फेडून नुकताच मोकळा झालेला. ऑफिसचं काम ऑफिसच्या मशीनवर होतं. हा माझा 'स्वतःच्या' कामासाठी. म्हणजे माझ्या त्या ॲपसाठी, जे मी एक दिवस पुरं करणार आणि मग नोकरी सोडणार. आयटीतल्या प्रत्येकाकडे असं एक ॲप असतं. तुमच्याकडेही आहे, उगाच नाही म्हणू नका.

हा मला लागत होता का? आठवड्यातून एकदा, पिक्चर बघायला. पण "लागत नाही" असं म्हणवेना.

शुभवर्तमानातल्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्यात. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना सांगतो, की ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा. दोन पैकी एक! जुना की नवा ते तो सांगत नाही. गरीब विधवा दानपात्रात दोन टोल्या टाकते आणि येशू म्हणतो, की हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं. चौथ्या शतकात कैसरियाच्या बासिलने श्रीमंतांना उपदेश करताना आणखी पुढची पायरी घेतली. कपाटात पडून असलेला कोट ज्याच्या अंगावर कोट नाही त्याचाच आहे, असा त्याचा मुद्दा. म्हणजे तुम्ही देताय असंही नाही, परत करताय.

आणि आपल्या इन्क्रिमेंटवाल्या पिढीसाठी जॉन वेस्ली. अठराव्या शतकातला मेथडिस्ट चळवळीचा जनक. त्याची गोष्ट अशी सांगतात, की वर्षाला तीस पौंड मिळायचे तेव्हा तो अठ्ठावीसात भागवायचा आणि दोन देऊन टाकायचा. पुढच्या वर्षी साठ मिळाले, तरी खर्च अठ्ठावीसच, दिले बत्तीस. मग नव्वद, दिले बासष्ट. मग एकशेवीस, दिले ब्याण्णव. खर्च कॉन्स्टंट! माझा पगार सहा वर्षांत तिपटीच्या वर गेला आणि माझा 'अठ्ठावीस' कधीच सापडलेला नाही.

हे सगळं माहीत असूनही मी पंधरा दिवस काढले. नवीन बॅटरी टाकून जुनाच दुरुस्त होईल का ते पाहिलं. स्वस्तातला एखादा विकत घेऊन द्यावा का, असाही विचार केला. तो वाईट नव्हता, मुलीला चाललाही असता. पण माझ्या लक्षात आलं, की मी पैसे द्यायला तयार आहे, लॅपटॉप द्यायला नाही, आणि त्याचं कारण लॅपटॉप नाहीच. तो दिला तर ॲप होणार नाही हे मान्य करावं लागणार होतं. माझ्याबद्दलची एक कल्पना त्या मशीनमध्ये राहत होती.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी बसलो. फाइली कॉपी करताना ॲपचं फोल्डर उघडलं. शेवटचा बदल मार्च २०२३. दोन वर्षं मी त्याला हातही लावला नव्हता. फॉरमॅट केलं, की-बोर्डमधली धूळ ब्रशने काढली, स्क्रीन पुसली, आणि या वेळी पूर्ण चार तास चालवून पाहिला. काकांना नेऊन दिला तेव्हा ते घ्यायलाच तयार नव्हते. "नवीन आहे हो साहेब हा." मी म्हणालो, "नवीनच द्यायचा असतो, आमच्याकडे तशी पद्धत आहे."

पुढे मनाला अपार शांती लाभली वगैरे लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. चार दिवस मी चिडचिडा होतो. गुड फ्रायडेला बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते. त्यातल्या चौथ्या उद्गाराला मी बाकाखाली फोन धरून नव्या लॅपटॉपच्या किमती बघत होतो. शरम वाटली, फोन खिशात ठेवला. आमचे पाळकसाहेब नेहमी सांगतात, की देण्याने स्वर्ग मिळत नाही. तो कृपेने, फुकट मिळतो, म्हणूनच तर मूठ उघडता येते. माझी मूठ अर्धीच उघडली होती, आणि तीही एका बीसीएच्या पोरीने उघडायला लावली म्हणून.



आता पेटी.

पेटीत तळाशी 'संचार'च्या कागदात गुंडाळलेली एक सोलापुरी चादर निघाली. कोरी. दोरीखाली चिठ्ठी, त्यावर आजीच्या शिक्षिकेच्या अक्षरात माझं नाव आणि साल, २०१९.

मला तो दिवस आठवतो. पहिल्या नोकरीला पुण्याला निघालो होतो. आजी स्वतः जाऊन चादर घेऊन आली होती, जाड, मोरपिशी नक्षीची. मी म्हणालो, "आजी, बॅगेत जागा नाही. आणि तिकडे ब्लँकेट आहे, हे कोण वापरतंय आता?" ती बरं म्हणाली आणि चादर आत घेऊन गेली.

त्यानंतर तिने पाच लेंट पाळले. पाच चोक वीस, म्हणजे दोनशे वस्तू त्या घरातून बाहेर गेल्या. कोरी, चांगली, कुणी वापरत नसलेली चादर, पहिल्या तीन नियमांत अगदी चपखल बसणारी, पाचही वेळा मागे राहिली. कारण चौथा नियम. ती तिची नव्हती. माझी होती, मी घेतली नव्हती एवढंच.

मी पेटीपाशी बराच वेळ बसून होतो. मम्मी मागून म्हणाली, "घे आता. कुणी दिलेलं घेतापण आलं पाहिजे माणसाला."

घेतली. पुण्यात माझ्या पलंगावर आहे, रोज पांघरतो. ब्लँकेट एकोणिसाव्या दिवशी गेलं.

२०२५ चा माझा आकडा सदतीस. चाळीस काही भरले नाहीत. ड्रोन अजून कपाटावरच आहे.